दहीभातात वाजलेली दाढ

कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात डोळ्यांनी गूळ पारखणारे पुष्कळ होते. नाकानं पारखणारेही दोन-चार होते. कानानं पारखणारा एकच, कृष्णात चौगले. आणि त्याचा कान होता त्याच्या दाढेत.

सौद्याच्या दिवशी दुकानापुढं रव्यांची थप्पी लागायची. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप, एकट्यानं उचलली तर दुसऱ्या दिवशी कंबर धरावी अशी. हमाल सुरीनं रव्याच्या पोटातला तुकडा काढून द्यायचा. कृष्णात तो उजवीकडं, पार मागं, खालच्या दाढेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि चावायचा. तेवढा वेळ व्यापारी गप्प, हमाल गप्प. ‘कट्’ असा कोरडा, एकच आवाज झाला की गूळ कडक, पावसाळा काढणार. ‘चुर्र’ झालं की आत ओल आहे, लवकर खपवा. काहीच वाजलं नाही तर तो तुकडा थुंकून टाकायचा आणि म्हणायचा, “पोरास्नी वाटून टाका.” बोट वर गेलं की आण्णा मगदूम बोली पुकारायचे. आण्णा अडत्ये. शेतकऱ्याचा गूळ दुकानापुढं उतरवून घ्यायचा आणि व्यापाऱ्यांना विकून द्यायचा, हा त्यांचा धंदा. पण तो धंदा उभा होता कृष्णातच्या बोटावर, आणि ते बोट दाढेवर.

“रंग बगून घिऊ नगासा,” कृष्णात नव्या व्यापाऱ्यांना सांगायचा. “भेंडीचं पानी घातलं की काळा गूळ बी गोरा हुतोय. आवाजाला रंगवता येत न्हाय.”

ही विद्या त्याला बाजारात मिळाली नव्हती. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला हंबीररावाच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं, तिथं तो पोरवयात चुलवाणाच्या भट्टीत उसाचं पाचट सारायला म्हणून गेला आणि गुळव्या होऊन बाहेर पडला. गुळव्या म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, म्हणजे काहिलीपाशी, उभा राहून, रस आता उतरवा, असं सांगणारा माणूस. क्षणभर आधी सांगितलं तर गूळ मऊ, क्षणभर उशिरा सांगितलं तर करपला. म्हाताऱ्यानं स्वतःचा मुलगा हंबीरराव आणि हा कृष्णात, दोघांना एकाच काहिलीशी उभं केलं. कृष्णातला जमलं, हंबीररावाला बेताचंच जमलं. हंबीररावानं ते कधी मनावर घेतलं नाही. त्याच्याकडं जमीन होती. ज्याच्याकडं जमीन असते त्याला बाकीचं बेताचं जमलं तरी चालतं. दोघांनी मिळून इतका गरम गूळ खाल्ला की पंचविशीच्या आत कृष्णातच्या डाव्या बाजूच्या दाढा किडून निघून गेल्या. उरली उजवी बाजू. तिच्यावर तो बाजारात आला आणि तिच्यावरच त्यानं नाव काढलं.

एकोणीसशे बहात्तर साली गुळात खडा निघाला. चावला तो नेमका त्या दाढेवर. दाढ उभी फुटली, काढावी लागली.

मग त्यानं कवळी करून बघितली. तारेनं अडकवायची, काढायची, धुवायची, वाटीत ठेवायची. जेवायला ती बरी होती, पण पारखायला कुचकामाची. खाली मऊ हिरडी, वर कवळी, आवाज मधेच मरायचा. रजई पांघरून नाडी बघावी तसा प्रकार. तो हंगाम कृष्णातनं अंदाजपंचे काढला. आण्णा तोंडावर काही बोलले नाहीत, पण दुसरा पारखी शोधायला लागले होते, हे त्याला कळत होतं.

त्याच सुमाराला मूळचा इथलाच एक दातांचा डॉक्टर परदेशात शिकून काही महिन्यांसाठी घरी आला होता. हाडातच धातूची खुंटी रोवायची आणि तिच्यावर दाढ बसवायची, अशी नवी विद्या तो शिकून आला होता. न्हाव्याच्या पोराला जसं पहिलं डोकं शोधावं लागतं, तसा हा डॉक्टर जबडा शोधत होता. शहाणी माणसं तोंड मिटून पळाली. कृष्णात तोंड उघडून गेला.

“हाडात खुंटी?” बायडाबाई, म्हणजे त्याची बायको, ओरडली. “तिथं काय म्हस बांधणार हाईसा?”

“धंद्याचं हत्यार हाय त्ये. सुताराचा रंधा मोडला तर त्यो नवा आनतोय का न्हाय?”

“सुतार रंधा तोंडात घालत न्हाय.”

बरेच महिने लापशीवर गेले. हाड भरून आलं, खुंटीवर दाढ बसली, ती बारक्या स्क्रूनं आवळली, स्क्रूचं भोक वरून बुजवलं. डॉक्टर म्हणाला, “वर्षातून एकदा दाखवत जा,” आणि स्वतः परदेशी निघून गेला. कुणाला दाखवायचं, ते सांगायचं राहिलं.

पण पहिला तुकडा चावला आणि कृष्णात जागच्या जागी उडाला. पूर्वी आवाज दाढेतून यायचा. आता तो थेट हाडात वाजला, कवटीत घुमला. मधे हिरडी नाही, काही नाही. देवळातली घंटा बाहेरून ऐकणारा माणूस अचानक घंटेच्या आत जाऊन बसावा तसं झालं. ओल कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा त्याला कळू लागलं. बाजारात ‘लोखंडी दाढ’ असं नाव पडलं. दाढ लोखंडाची नव्हती, पण बाजाराला धातूशी काय करायचंय? जयसिंगपूरचे व्यापारी मुद्दाम बघायला यायचे. हा चहाच्या गाड्यावर आ वासून बसायचा, ते बॅटरी मारून आत बघायचे आणि चहा पाजून जायचे. जरा जास्तच झालं होतं त्याचं. सुपारी फोडून दाखवायचा, अक्रोड फोडायचा. एकदा तर लग्नाच्या पंगतीत मटणाचं हाडूक फोडून नवरदेवापेक्षा भाव खाऊन आला. त्या दाढेला पुन्हा कुणीतरी बघायला हवं, हे ना त्याच्या ध्यानात राहिलं, ना कुणी त्याला आठवण केली. घट्ट बसलेल्या गोष्टीकडं कोण बघतो?

अशी दहा-बारा वर्षं गेली.

त्या वर्षी चैत्रात हंबीररावाचा हंगामातला शेवटचा गूळ आला. कृष्णातनं नेहमीप्रमाणं चावला. कट्. बोट वर. एका गुजराती व्यापाऱ्यानं घेतला. रवे रात्रभर आण्णांच्या पडवीत राहिले, सकाळी ट्रकमधून गेले.

भाद्रपदात तो व्यापारी स्वतः आला. काही न बोलता रुमालाची गाठ सोडली आणि आतला गोळा आण्णांच्या गादीवर आपटला. गोळा गादीला चिकटला. उचलायला गेले तर खोळ बरोबर आली.

“पूरा माल ऐसा है,” व्यापारी म्हणाला. “गोदाम में चलो तो चप्पल निकल जाती है.”

आण्णांनी कृष्णातकडं बघितलं.

“मी चावला तवा कडक हुता,” कृष्णात म्हणाला. आणि ते खरं होतं. निदान त्यानं कट् ऐकला होता.

आण्णांनी मग बाजाराला पटेल असं उत्तर काढलं. दाढ चुकत नाही. म्हणजे माल बदलला. रात्री पडवीत रवे होते, आणि हंबीररावाची गाडी सकाळपर्यंत तिथंच सोडलेली होती. कडक रवे गाडीत, मऊ रवे पडवीत. दुसरं काय? संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात बोभाटा झाला. येत्या हंगामात हंबीररावाचा गूळ कुणीही उतरवून घ्यायचा नाही, असं सगळ्या अडत्यांनी ठरवलं. दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा पहिला सौदा होतो, त्या मुहूर्ताच्या रांगेत त्याच्या वडिलांपासून त्यांच्या घरचा एक रवा असायचा. तोही नको म्हणाले.

हंबीरराव दोन दिवसांनी कृष्णातच्या दारात उभा राहिला.

“कृष्णा, माझा गूळ तू चावलास न्हवं?”

“चावला की.”

“मग?”

“कट् वाजला.”

“मऊ गूळ कट् वाजतोय व्हय रं?”

“न्हाय वाजत.”

“म्हंजी मी चोर.”

कृष्णातनं बसायला घोंगडं पुढं सारलं.

“आरं, माझ्या बानं तुला काहिलीपाशी हुबा केला,” हंबीरराव म्हणाला. “एका गुळानं दात किडलं आपलं. आनी तू मला वळखतूस कशानं, तर दाढंनं!”

बायडाबाईनं चहा आणला तोवर तो वळला होता. चहा तिच्या हातात थंड झाला.

“भावजी चोर न्हाईत,” ती म्हणाली.

“मग माझी दाढ खोटी हाय का?”

“ती खोटीच हाय. खरी पडली बहात्तर साली.”

तो तालमीकडं निघून गेला.

नवरात्रात त्याला ताप आला. तोंड आलं होतं, भाकरी जाईना, म्हणून बायडाबाईनं मऊ गुरगुट्या भात केला, दही घालून कालवला. तो जेवायला बसला, ती समोर तांदूळ निवडत बसली. पहिला घास.

कट्.

“खडा लागला?” तिनं विचारलं.

“न्हाय.”

दुसरा घास. कट्.

“अवो, दह्यात काय वाजतंय?”

“भात कच्चा असंल.”

झालं. तीस वर्षांच्या संसारात तिच्या भाताला कुणी कच्चा म्हटलं नव्हतं. ती उठली, ताटातला भात बोटांनी चिरडून त्याच्या नाकापुढं धरला. “ह्यो कच्चा? ह्यो?” मग देवापुढचं केळं आणलं, सोलून हातात दिलं. “हं, चावा.”

कट्.

“आता केळं बी कच्चं का?”

तो गिळून बसला. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. “आता तोंडात काय सुदीक घेऊ नगासा. नुसतं चावा.”

कृष्णातनं रिकामं तोंड मिटलं, दाढेवर दाढ दाबली.

कट्.

कोरडा, एकच. उत्तम गुळाचा असावा तस्सा. रोजच्या कडक भाकरीत तो आजवर मिसळून जात होता.

त्यानं ताट बाजूला सारलं. मघापासून जी गंमत चालली होती ती संपली. चैत्रातला तो सौदा त्याच्या डोळ्यांपुढं आला. तो तुकडा तोंडात ठेवताना बोटांना जरा चिकटला होता. बोटांना कळलं होतं. जिभेलाही कळलं असणार. पण त्यानं डोळे मिटले होते आणि फक्त ऐकलं होतं. आपल्याच दाढेचं ऐकून बोट वर केलं होतं.

“बायडे,” तो म्हणाला, “गूळ मऊच हुता.”

दुसऱ्या दिवसापासून पोटात दुखतं म्हणून तो बाजारात जाईना. पाडवा तोंडावर आलेला. दाढ ढिली आहे हे कळलं तर बाजार म्हणणार, आज ढिली म्हणजे काल काय होतं? नाही कळलं तर हंबीरराव चोर. दोघांपैकी एकाचं नाव जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच तो घोंगडं घेऊन भिंतीकडं तोंड करून पडला होता. पुरुषांना पोटदुखी फार सोयीची असते. बायडाबाईनं दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी घोंगडं ओढलं आणि त्याला राजारामपुरीत डॉक्टर हेमलता उपाध्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. या बाईंनी तिची दाढ काढली होती आणि काढताना तिला शंभर शिव्या ऐकवल्या होत्या, त्यामुळं तिचा बाईंवर पूर्ण विश्वास होता.

डॉक्टरबाईंनी आरसा घालून बघितलं, दाढ दोन बोटांनी हलवली, चिमट्याच्या मुठीनं ठोकली.

“कुणी बसवली ही?”

“फॉरेनच्या डाक्टरनं.”

“आणि दाखवायला कुठं जाता?”

“कुटं जायाचं? त्ये तिकडं, मी हितं.”

“म्हणजे बारा वर्षं कुणी बघितलीच नाही. मोटरसायकल असती तर सर्व्हिसिंगला टाकली असतीत.” बाईंनी दिवा जवळ ओढला. “नीट ऐका. हाडातली खुंटी घट्ट आहे. नशीब तुमचं. वरची दाढ धड आहे. दोघींना धरणारा मधला स्क्रू ढिला झालाय. चावलं की दाढ खुंटीवर आपटते.”

“म्हंजी आख बरा, चाक बरं, नुसती खीळ सैल झालीया.”

“अगदी. आणि खीळ सैल असताना तुम्ही अक्रोड फोडलेत.”

“त्ये तुमास्नी कुनी सांगितलं?”

“सगळ्या राजारामपुरीला माहीत आहे.”

बाईंनी दाढेवरचं बुजवलेलं भोक उघडलं. आत स्क्रूचं डोकं दिसलं, पण त्याला सरळ खाच नव्हती. चौकोनी खड्डा होता, मोहरीएवढा. बाईंच्या खोक्यातलं एकही हत्यार त्यात बसेना. त्या जातीचं हत्यार त्या परदेशी डॉक्टरबरोबर परदेशी गेलेलं. मुंबईच्या दुकानात फोन लावला. तो माल केव्हाच बंद झालाय, असं उत्तर आलं. कृष्णात खुर्चीत आ करून सगळं ऐकत होता.

“उपटून टाका,” तो म्हणाला.

“गप्प बसा. तोंड उघडं ठेवून बोलू नका, काही कळत नाही.”

त्यांनी मेण गरम केलं, त्या खड्ड्यात दाबलं, गार करून अलगद काढलं. खड्ड्याचा ठसा मेणावर आला. तो डबीत घालून त्या स्वतः स्कूटरवरून उद्यमनगरात अमीनकडं गेल्या. अमीन यंत्राचे बारीक भाग घासून द्यायचा. बाईंची हत्यारंही तोच पाजळायचा. त्यानं मेण उजेडात धरलं.

“बाई, हे काय हाय? मुंगीचा पाना?”

“दाढेचा. उद्या पाहिजे.”

“उद्या शुक्रवार.”

“मग नमाजानंतर दे.”

पहिला पाना नुसताच गरगर फिरला, पंगतीतल्या आगंतुकासारखा. दुसरा बसला. बाईंनी श्वास धरून एक एक आटा उलटा फिरवत स्क्रू बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला. मधोमध वाकलेला, आटे झिजलेले. हाच पुन्हा आवळला असता तर आतच तुटला असता, आणि मग खुंटीसकट हाड कोरायची वेळ. नवाच करायचा ठरलं. पितळ चालणार नाही, तोंडात हिरवं होईल. पोलाद नको, फार कडक. उद्या काही मोडायचंच झालं तर स्क्रू मोडावा, खुंटी नको. बाईंनी दातांसाठीच्या मिश्र सोन्याची बारीक कांडी ओतून दिली, जुना स्क्रू नमुन्याला दिला, आणि अमीननं त्यावर आटे पाडले.

“नवऱ्याच्या दाढंत सोनं,” बायडाबाई म्हणाली, “आनी माझ्या कानात बेन्टेक्स!”

दाढ बसली. बाईंनी स्क्रू आवळला, भोक बुजवलं, दातांमध्ये कापसाची गुंडाळी दिली. “चावा.”

काही वाजलं नाही.

“रिकामं चावा.”

शांत. बरी झाली दाढ. आता कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. हे त्याच्या मनात आलं, आणि आलं तसं ते दाढेपेक्षाही जोरात ठणकलं.

“आणि आता अट,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “या दाढेनं गूळ चावायचा नाही.”

“मग दाढ कशाला?”

“जेवायला. बाकीची माणसं जेवायलाच वापरतात.”

जिन्यातून उतरताना तो बायडाबाईला म्हणाला, “हंबीरावाला निरोप धाड. पाडव्याला रवा घिऊन ये म्हनावं.”

तिनं निरोप कुणाबरोबर धाडला नाही, स्वतःच एसटीनं गेली.

आण्णांना मात्र त्यानं आधीच जाऊन सांगितलं. मागून कळलं असं नको. आण्णा बराच वेळ गादीची नवी खोळ चाचपत राहिले.

“दाढ घट्ट बसली न्हवं?”

“बसली.”

“मग तोंड बी घट्ट ठेव. कृष्णा, तुझ्या दाढंवर माझं दुकान हाय. हंबीरराव काय, एक हंगाम बसंल घरात. लोक इसरतात.”

“चोर म्हटल्यालं न्हाय इसरत आण्णा.”

“आनी पारखी चुकला म्हटल्यालं?”

“त्ये बी न्हाय.”

“मग?”

कृष्णात उठून आला.

पाडव्याला सकाळी बाजार भरला. रांगेत नव्या हंगामाचे पहिले रवे, त्यांवर हळदकुंकू, झेंडू. नारळ फुटला. आण्णा फेटा बांधून उभे. हमालानं पहिल्या रव्याचा तुकडा काढून कृष्णातच्या तळहातावर ठेवला. सगळे गप्प झाले, नेहमीसारखे.

कृष्णातनं तुकडा तोंडात घातला नाही.

“ह्यो चावायच्या आधी एक सांगायचं हाय,” तो म्हणाला. “चैतात हंबीरावाचा गूळ मी पास केला. त्यो मऊच हुता. रवं कुनी बदाललं न्हाईत. माझी दाढ ढिली हुती, तिचा स्क्रू वाजला, आनी मी म्हटलं गूळ वाजला.”

मग जयसिंगपूरचा एक व्यापारी खो खो हसत सुटला. “म्हंजे कृष्णातराव, इतकी वर्सं तुमी आमाला स्क्रूचा भाव सांगत हुता?”

“इतकी वर्सं न्हाय. एक सौदा तरी नक्की. त्याच्या मागचं मला बी म्हाईत न्हाय.”

“आनी माझं काय? मागं माझा एक माल तू नाकारलावतास!” एक शेतकरी पुढं येऊन म्हणाला.

“नाकारला आसंल तर त्यो खरंच वाईट हुता. दाढ ढिली असून बी वाजला न्हाय, म्हंजी बग!”

आता हशा चौफेर झाला. आण्णा हसले नाहीत. कृष्णातनं तुकडा मुठीत धरला. “हंबीरावाचा रवा रांगंत आना,” तो म्हणाला. “न्हायतर ह्यो तुकडा मी चावणार न्हाय. आजबी न्हाय, उद्याबी न्हाय.”

हंबीरराव फाटकाबाहेर बैलगाडीपाशी उभा होता. गाडीत पोत्यावर एकच रवा. हमालांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी आभाळाकडं बघितलं. मुहूर्त टळत होता. हंगामाचा पहिला सौदा टळलेला कोणत्याही अडत्याला परवडत नाही. “आना रं,” आण्णा म्हणाले, जणू त्यांचीच कल्पना होती.

रवा रांगेत बसला.

“पर आता पारखायचा कुनी?” मागून कुणीतरी ओरडलं. “तुझी दाढ तर गेली!”

“समद्यांच्या तोंडात हाईत की,” कृष्णात म्हणाला. त्यानं हमालाच्या हातातून सुरी घेतली, रव्याचं पोट उघडलं, आणि सगळ्या व्यापाऱ्यांच्या हातावर एक एक तुकडा ठेवत रांगेतून गेला. “चावा. डोळं मिटून न्हाय, उघडं ठिवून. बोटास्नी चिकटतोय का बगा, मग चावा.”

माणसं घुटमळली. बाजारात आजवर गूळ घेणाऱ्यानं बोली करायची आणि चावणाऱ्यानं चावायचं, अशी वाटणी होती. मग जयसिंगपूरच्यानं चावला. कट्. त्याच्या शेजारच्यानं चावला. कट्. पाठोपाठ सगळी रांग, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी. एकाची कवळी होती, त्यानं तुकडा खिशात टाकला आणि मान डोलावली.

हंबीररावाचा गूळ मुहूर्ताला गेला. चांगला गेला. पैसे घेऊन तो गाडीकडं निघाला तेव्हा कृष्णात त्याच्या वाटेत उभा होता.

“आता सांगतूस व्हय?” हंबीरराव म्हणाला. “भादव्यात माझी पोरगी बगायला पावणं आलतं. बाजारात काय ऐकलं त्ये ऐकून वाटंतनंच परतलं.” आणि गाडी जुंपून निघून गेला. त्यापुढचे दोन-तीन महिने तो कृष्णातशी बोलला नाही. बाजारात समोरासमोर आले तरी बैलांशी बोलायचा.

बाजार तसा राहिला नाही. एकदा चावायची चटक लागल्यावर व्यापारी आपापले चावायला लागले, आणि कृष्णातच्या बोटाला पूर्वीचं वजन उरलं नाही. आण्णा हंगामभर त्याला टोमणे मारत राहिले, “काय स्क्रूवाले, आज काय म्हनतोय स्क्रू?” पण काढून टाकलं नाही. तो आता रव्यावर बोटाची गाठ मारून बघायचा, तुकडा नखानं खरवडायचा, चोखायचा, विचारलं तर सांगायचा. पुष्कळदा बरोबर निघायचं. चुकलं तर तेही सांगायचा, आणि त्यातच लोकांना जास्त मजा यायची. चहाच्या गाड्यावर आ वासणं बंद झालं.

दर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर हेमलताबाईंकडं स्क्रू आवळून घ्यायला जायचा, बरोबर गुळाची छोटी ढेप. बाई आधी दाढ बघायच्या.

“चावलात ना?”

“न्हाय बाई.”

“हा ओरखडा कशाचा मग?”

“मटान हुतं.”

“हाडूक होतं,” बाई म्हणायच्या आणि पाना उचलायच्या.

त्याच वर्षी माघात दुधाच्या गाडीवाल्यानं निरोप आणला. हंबीररावाच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या आजारी आहे, काहील चढलेली आहे, येणार असला तर ये, नसला तर नको. निरोपात एवढंच. कृष्णात चप्पल घालताना बायडाबाईला सांगायचंही विसरला.

रात्री उशिरा परत आला तो धुरानं काळा झालेला, हाताला पोळलेला, आणि खूष. काहील वेळेवर उतरली होती. हंबीररावानं पळसाच्या पानावर गरम गूळ दिला होता आणि तीन महिन्यांत पहिलं वाक्य बोलला होता: “चोख. चावू नगंस.”

“आनी तुमी चावला?” बायडाबाईनं विचारलं.

“चोखला.”

तिनं त्याच्यापुढं दहीभात ठेवला. दाढ आवळून घेतल्यापासून घरात ही रीत पडून गेली होती: दहीभात असला की पहिल्या घासाला तिनं रेडिओ बारीक करायचा, हातातलं भांडं खाली ठेवायचं आणि मान तिरकी करायची.

“थांबा,” ती म्हणाली. “ऐकू द्या.”

त्यानं घास घेतला, चावला. दोघंही ऐकत राहिली.

“जेवा,” ती म्हणाली, आणि तिनं रेडिओ मोठा केला.